गाडी बाजूला घ्या!

घड्याळ काढून ठेवा. मोबाइलही. जिथं निघालोय तिथं वेळ प्रहरांत मोजतात आणि त्यातला बराचसा नुसता वाट बघण्यात जातो. डोक्याला पागोटं बांधा, घट्ट बांधा, ऊन चैत्राचं आहे. अंगात बाराबंदी, कमरेला कसा, खांद्यावर घोंगडी. झालं. आता तुम्ही पेशवाईतले वाणी आहात, तुमच्या मालकीचे अकरा बैल आहेत आणि त्यातला एक या घटकेला तुमच्या पायावर उभा आहे.

ओरडून उपयोग नाही. बैल चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून आलाय. पाठीवर मिठाच्या गोणी, मिठाला पाणी सुटून ते बरगड्यांवरून ओघळतंय, आणि जिथं ओघळतंय तिथली कातडी सोलवटून निघालीय. मागच्या बैलावर नारळ. त्याच्या मागं सुकट. पाटण खोऱ्यातून येताना हा सुकटीचा वास वाऱ्याबरोबर मागं राहत होता. आता वारा पडलाय, तेव्हा तो तुमच्याभोवतीच ठाण मांडून बसलाय. गाव उंब्रज. तारळी इथं कृष्णेला मिळते, समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथं मठात उभा आहे, आणि तुमचा बेत साधा आहे: निम्मं मीठ इथल्या बाजारात विकायचं, उरलेलं घेऊन रात्रीच्या आत कऱ्हाडला घर गाठायचं.

बेत साधा असला तरी मधे चौकी आहे.

चार मेढी, वर गवताचं छप्पर, खाली जाजम. जाजमावर जकातीचा कारकून, बोरू कानावर, पुढ्यात दौत आणि रुमालात बांधलेली दप्तरं. त्याच्यापुढं आज लमाणांचा तांडा उभा आहे. नजर जाईल तिथवर बैलच बैल. गळ्यातल्या घंटांचा नाद पहिल्या घटकेला गोड वाटतो, दुसऱ्या घटकेला कानात बसतो, तिसऱ्या घटकेला तुम्ही स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागता. धुळीनं दातांखाली करकर होते. तांड्यातली कुत्री तुमच्या सुकटीपाशी घुटमळतायत. एकावर नजर ठेवली की दुसरं पुढं सरकतं. लमाणांच्या बायका शिंपल्या-कवड्यांच्या काचोळ्यांत उन्हाकडं पाठ करून खुशाल बसल्यात. त्यांना घाई नाही. थांबणं त्यांच्या हिशेबातच धरलेलं असतं. तुमच्या धरलेलं नाही.

दुपार कलताना नंबर लागतो. कारकून मान वर न करता विचारतो, माल कुठं भरला? चिपळुणात. म्हणजे भरला तिथली थळभरीत दिली? दिली. विकणार कुठं? निम्मा इथं, निम्मा कऱ्हाडात. मग थळमोड दोन ठिकाणची. आणि वाटेतल्या चौक्यांची? तीही दिली, हे बघा दस्तक. कारकून दस्तक उन्हात धरून बघतो. घामानं शाई पसरलीय. तो प्याद्याला खूण करतो, प्यादा एका गोणीत हात घालतो, मूठभर मीठ काढतो, चाखतो, आणि उरलेलं आपल्या उपरण्याच्या टोकाला बांधतो. जणू चाखण्याचा तो भागच होता. नारळ मोजायला सांगतात. मोजता मोजता प्यादा चुकतो. पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही कशातून एक शिवराई काढून त्याच्या तळहातावर ठेवता. मोजणी लगेच जुळते.

पण जरा डावीकडं, वडाखाली बघा. तिथं एक गृहस्थ लोडाला टेकून पानाला चुना लावतोय. ना बैल, ना गोणी, ना घाम. हा हुंडेकरी. त्याला एकरकमी पैसे द्यायचे, माल अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी पोहोचवायचा हुंडा त्याच्याशी ठरवायचा. मग वाटेतल्या एकूण एक चौक्यांशी तो बघून घेतो. त्याच्या मालाची जनावरं आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत चौकीवरून पुढं गेली. कुणी मान वर केली नाही. हा माणूस जकातीहून जास्तच पैसे घेतो आणि तरी त्याच्यापुढं गिऱ्हाईक आहे. सरकारनं वाण्याकडून काय घ्यावं याच्या चर्चा पुष्कळ होतात. वाणी कशासाठी खुशीनं जादा पैसे मोजतो, हे बघायचं तर या वडाखाली बघावं.

दिवेलागणीला तुम्ही कऱ्हाडात शिरता. पाय सुजलेत, पेठेत तेलाच्या पणत्या लागल्यात, पण दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघड्या. सगळे महाजनांच्या ओसरीवर जमलेत. गावाला जसा पाटील-कुलकर्णी तसे पेठेला शेटे-महाजन: वतनदार माणसं. पेठेच्या वतीनं सरकारशी बोलायचं काम त्यांचं. (आणि त्याबद्दल बाजारात येणाऱ्या प्रत्येक पोत्यातून मूठभर धान्य उचलायचा हक्कही त्यांचा. जकातीविरुद्ध बोलणारा पुढारी स्वतःच एक छोटीशी जकात असतो, हे ओसरीवर कुणी बोलत नाही.) तक्रार अशी की सरकारी वसुली बघणारा नवा कमाविसदार मागची थकबाकी उकरून काढतोय आणि भरल्या बैलाबरोबर मोकळ्या बैलालाही अडवतोय. ओसरीवर तंबाखूचा वास, घामाचा वास, आणि तुम्ही जवळ बसल्यावर सुकटीचा. शेजारचा तेली नाक मुरडून सरकतो.

ठरतं ते असं. आधी विनंती, मग फळ्या. सकाळी पाच जण कमाविसदाराच्या सदरेवर जातात, स्वामी कृपाळू होऊन वगैरे जे म्हणायचं ते म्हणतात, पानसुपारी घेऊन परत येतात. दुपारपासून पेठ बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तेल नाही, मीठ नाही, जिरं नाही. गावात पोरं रडतात, आणि कमाविसदाराच्या वाड्यातल्या दिव्यांत कालचंच तेल असतं. तिसऱ्या दिवशी महाजन हळूच एक वाक्य सोडतात: पेठ उठून दुसऱ्या मुलखात जाईल म्हणते. बस्स. उठलेल्या पेठेवर जकात बसवता येत नाही, हे कमाविसदाराला ठाऊक असतं. मग कागद येतो, शिक्क्यानिशी. कौल. इतकी वर्षं जकात माफ किंवा कमी, पुढं इस्ताव्यानं दरसाल थोडी थोडी चढती.

नेमका हा दिवस कुठल्या दप्तरात शोधत बसू नका, तो तुमच्यासाठी मांडलाय. कौल मात्र खरे. पुण्याच्या पेठा अशा सवलतींवरच वसल्या, आणि व्यापारी रुसून उठून गेल्यावर त्याला परत बोलवायचा सरकारी उपाय म्हणूनही कौलच दिले जात.

डोळे मिटा. बैल सोडून द्या, त्यांना घरची वाट माहीत आहे. इंग्रज येतो, वाटेवरच्या चौक्या उठतात. १८५५ मध्ये कऱ्हाडला नगरपालिका होते, आणि रस्त्यावरून गेलेली जकात पुढं शहराच्या वेशीवर नव्या टोपीत उभी राहते.

आता उघडा. नाकात आधी डिझेल येईल.

साल १९८० नंतरचं कुठलंही धरा. तुम्ही मॅटॅडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी आहात, खाली इंजिनाचं टोपण तापलंय आणि त्यावर ठेवलेल्या घोंगडीतून मांडीला चटका बसतोय. उजवा अर्धा भाजतोय, डावा गारठतोय, कारण दाराची काच वर जात नाही. पौष आहे. सांगलीच्या गणपती पेठेत दुपारी माल भरला: हळद, मिरची, गुळाच्या ढेपा. हळद अशी की हमालानं पोत्यात आकडा मारला की पिवळा ढग उठतो. त्याच्या भुवया पिवळ्या, तुमच्या सदऱ्याची कॉलर पिवळी, आणि मिरचीची पोती हलवली तेव्हा सगळी गल्ली एका सुरात शिंकली. व्यापारी शपथेवर सांगत होता की माल हरिपूरच्या पेवातला आहे, जमिनीखाली राहिलेला, कीड नाही, रंग बघा. तुम्ही एक कांड मोडून बघितलं. आत केशरी. घेतलं.

तुमचं किराणा दुकान उंब्रजला, महामार्गाला लागून. पालीच्या खंडोबाची यात्रा तोंडावर आलीय, आणि यात्रेत भंडारा पोत्यांनी उधळतात. हळदीची निम्मी पोती तुमची. उरलेली कऱ्हाडच्या मावसभावाची. भाडं निम्मं-निम्मं. तुमच्या डोक्यातला हिशेब इथवर सुरेख आहे.

ड्रायव्हरला तासगावात आणि विट्यात दोन नग उतरवायचेत म्हणून गाडी त्या वाटेनं. तासगावला नगरपालिका, म्हणजे नाका. विट्याला नगरपालिका, म्हणजे नाका. प्रत्येक ठिकाणी तेच: शिट्टी, बॅटरीचा झोत डोळ्यांवर, पावत्या, ताडपत्री सोडा, ताडपत्री बांधा. दोरीनं तुमच्या तळहाताला फोड आलाय. ओगलेवाडी मागं पडते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. कृष्णेवरून येणारा गारवा हाडांत शिरतो, आणि कऱ्हाडच्या वेशीवर ट्रकच्या तांबड्या दिव्यांची रांग दिसते.

"गाडी बाजूला घ्या!"

शिट्टीवाला शिपाई माकडटोपीत आहे, फक्त डोळे आणि मिशी बाहेर. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला तोलाला धोंडा बांधलेला. बाजूला जुना टायर जळतोय. त्याचा धूर घशात बसतो, पण ऊब हवी म्हणून सगळे त्यालाच चिकटून उभे. केबिनमधली वीज गेलीय. टेबलावर कंदील आहे, आणि तो इथून हाकेच्या अंतरावर ओगलेवाडीत बनलेला प्रभाकर कंदील असावा असं मला उगीचच वाटतं. त्या उजेडात नाकेदार पावती फाडतोय. तीन प्रती, मधे दोन कार्बन. बोटांची टोकं निळी. तो पेन एवढ्या जोरानं दाबतो की टेबल हलतं, कारण तिसऱ्या प्रतीवर उमटलं नाही तर हिशेब तपासणारा त्याचा पगार कापेल.

तुम्ही बिलं पुढं करता.

"किती पोती?"

"सगळी मिळून चाळीस. पर त्यातली वीस उंब्रजची हायती. ती कऱ्हाडात उतरायची न्हाईत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो की. माझंच दुकान हाय."

"तुमी म्हणताय. पोती न्हाय म्हणत." नाकेदार पेनाचं टोपण लावतो. "वीस पोत्यांची जकात भरा. उरलेल्या इसाचा पास घ्या, अनामत ठेवा. गावाबाहेर पडताना पलीकडच्या नाक्यावर पास दावायचा, अनामत परत."

"लगेच देत्यात का?"

"सकाळी. हापीस उघडल्यावर."

टायरभोवतालची मंडळी हसतात. सगळ्यांची अनामत कधी ना कधी सकाळच्या ऑफिसात अडकलेली आहे. पण अजून संपलं नाही. वीस पोती उंब्रजची म्हणजे नेमकी कोणती? बिलावर नंबर आहेत, पोत्यांवरही आहेत, फक्त ते खालच्या बाजूला आहेत. शिपाई वर चढतो. वरचं पोतं ओढतो. शिवण उसवते. पुढच्या क्षणी कंदिलाच्या उजेडात पिवळा धूर. नाकेदार शिंकतो, पावतीबुकावर हळद, कार्बनवर हळद, निळी बोटं आता हिरवी. शिपायाची माकडटोपी पिवळी झालेली बघून रांगेतला एक ट्रकवाला ओरडतो, "येळकोट येळकोट!" आणि अंधारातून चार जण उत्तर देतात.

नाकेदारही हसतो. वाईट माणूस नाही तो. रुमालानं नाक पुसत तुम्हाला म्हणतो, "शेट, राग मानू नका. उंब्रजला पानी कोन देतं मला ठावं न्हाय. कऱ्हाडच्या नळाला ह्या पावतीचं पानी येतं." आणि ते खोटं नाही. नगरपालिकांचा सगळ्यात मोठा रोख गल्ला हाच. झाडूवाल्याचा पगार, गल्लीतला दिवा, शाळेचं छप्पर, सगळं या बांबूवर तोललेलं. पी. डी. पाटलांनी चार दशकांहून अधिक काळ कऱ्हाडचं नगराध्यक्षपद सांभाळलं; गाव उभं करायला जी गंगाजळी लागते तिच्यात या नाक्यांवरची चिल्लर किती, हे तुमच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या तळहातावरच्या फोडांना विचारावं.

चहा घ्या तोवर. नाक्याला लागून टपरी आहे, रात्रभर उघडी. आलं ठेचून घातलेला चहा, आम्लेट-पाव, बिड्या, पंक्चर काढणारा पोरगा, दोन बाजा टाकून दिलेल्या. रांग जितकी लांब तितकी टपरीची विक्री मोठी. चहावाला तुमच्याकडं बघून डोळा मारतो आणि तुम्ही ओशाळता, कारण तुम्ही उंब्रजचे. तुमच्या मेव्हण्याचं हॉटेल महामार्गाला लागूनच आहे; पुण्याकडची आणि कोल्हापूरकडची एसटी, ट्रक, टुरिस्ट गाड्या तिथं थांबतात म्हणूनच त्याची कढई पेटते. पाटणला वळणारा थांबतो, मसूरला जाणारा थांबतो, चाफळला रामाच्या दर्शनाला निघालेला थांबतो. माणूस थांबावा आणि माल थांबू नये, एवढीच उंब्रजकरांची अपेक्षा आहे. ती सरकारला एका निवेदनात समजावून सांगणं किती अवघड असतं ते आता बघा.

मावसभावाच्या पेढीवर, माळ्यावर, व्यापारी संघटनेची बैठक. खाली गुळाच्या ढेपा, त्यामुळे वर येणारा प्रत्येक श्वास गोड आणि चिकट. पांढऱ्या गाद्या, तक्के, भिंतीला लक्ष्मीचं कॅलेंडर, आणि माश्या. कापडवाले एका बाजूला, भुसार दुसऱ्या, भांडीवाले दाराशी कारण ते नेहमी उशिरा येतात. तुम्ही बाहेरगावचे म्हणून तुम्हाला उशी मिळालीय.

"जकात रद्द करा, एवढंच लिवा," कापडवाले म्हणतात.

"आणि पालिका कशावर चालवायची? विचारतील की."

"ते त्यांनी बघावं."

"त्यांनी बघितलं तर विक्रीकरावर चढवतील. मग नाक्यावर निदान चुकवता तरी येतंय..." भांडीवाल्यांपैकी कोणीतरी हे बोलून जातं आणि माळ्यावर एकदम शांतता पसरते. सगळे छताकडं बघतात. हे वाक्य इतिवृत्तात येणार नाही, काळजी नको.

कोपऱ्यातले सगळ्यांत म्हातारे शेठ आतापर्यंत अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते म्हणतात, "कर घ्या म्हणावं. रस्त्यात घेऊ नका." एवढंच. पुन्हा सुपारी. वडाखालच्या हुंडेकऱ्याला हे ऐकून बरं वाटलं असतं.

मग मसुदा. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडं जायचं. त्याच्या यंत्रावर ‘ज’ नीट उठत नाही, आणि विषय नेमका ‘जकात’. प्रत्येक जकातीतला ‘ज’ तो पेनानं गिरवतो. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. मुद्दे तेच जे रात्री टायरभोवती बोलले गेले, फक्त त्यांना स्वच्छ कपडे घातलेले: इंधनाचा अपव्यय, नाशवंत मालाचं नुकसान, नाक्यावरील गैरप्रकार, वाहतुकीचा खोळंबा. खाली सह्या, सह्यांखाली दुकानांचे शिक्के. कुणाचा शिक्का उलटा उठलाय.

प्रांताला दिलं, आमदाराला दिलं. आता मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेस कऱ्हाडला रात्री येते. बसायला जागा नाही. तुम्ही दाराजवळ पिशवीवर बसता, पिशवीत चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि निवेदनाची फाइल, आणि पहाटे बघता तर फाइलच्या कोपऱ्याला तेल लागलेलं. व्ही. टी.ला उतरल्यावर घामाचा आणि समुद्राचा वास एकदम येतो. आमदार निवासात कुणाच्या तरी ओळखीनं अंघोळ. बादली एक, माणसं नऊ. मग मंत्रालय. पासाच्या खिडकीपुढं महाराष्ट्रातल्या सगळ्या तालुक्यांचे पांढरे कपडे रांगेत उभे आहेत. कुणाच्या खांद्यावर हार, कुणाच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. तुमचा नंबर येतो तेव्हा खिडकीतला म्हणतो, "जरा बाजूला उभे राहा." सवयीनं तुमचा हात ताडपत्रीची दोरी शोधतो.

सहावा मजला, लांब गच्च कॉरिडॉर, पंख्यांची घरघर, कपाटांवर कपाटं. साहेब बैठकीत. जेवायच्या सुट्टीनंतर या. नंतर येता तर साहेब गेलेले. पण रिकाम्या हातानं परतायचं नसतं, हे म्हाताऱ्या शेठनी शिकवून पाठवलंय. आवक-जावकच्या टेबलावर जा. तिथल्या बाई भाजीची पिशवी बाजूला सरकवतात, निवेदन घेतात, आणि तुमच्या प्रतीवर जांभळा शिक्का मारतात: तारीख, लफ्फेदार सही. पोच. ती प्रत दुमडू नका. दोन पुठ्ठ्यांत घालून घरी न्यायची, माळ्यावर सगळ्यांनी हातात घेऊन बघायची. धोरण बदललं का? नाही. पण सरकारनं आपलं म्हणणं हातात घेतलं याचा पुरावा आहे, आणि बैठकीत पुरावा दाखवणाऱ्याला पुढच्या वर्षी सचिव करतात.

पोच मिळूनही काही होत नाही तेव्हा फळ्या. लाक्षणिक बंद. कऱ्हाडात चावडी चौकापासून पुढं एकही दुकान उघडं नाही. रस्ता एवढा रिकामा की गाई मधोमध रवंथ करतात. उंब्रजनं पाठिंबा द्यायचा ठरवलंय. तुम्ही शटर खाली घेता, पूर्ण नाही, वीतभर वर. खालून एक पोरगं हात घालतं: "काका, पावशेर साखर, पाव्हनं आल्यात." तुम्ही इकडं तिकडं बघता आणि देता. बंद म्हणजे काय शेजाऱ्याच्या चहावर बंदी नव्हे. मेव्हण्याला विचारलं, तुझं हॉटेल? तो म्हणाला, मला कुठं जकात लागते. दिवसभर त्याची कढई धडधडत राहते. सगळा बाजार बंद म्हणून जो तो भजी खायला तिथं. कांद्याच्या भज्यांचा तो वास बंद शटराच्या फटीतून तुमच्या दुकानात शिरतो, आणि दुपारी तीन वाजता तुम्हीही तिथंच असता. संघटनेचे पदाधिकारी आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर.

एका निवेदनानं काही पडलं नाही. अशी निवेदनं राज्यभरच्या बाजारपेठांतून वर्षानुवर्षं जात राहिली. १९९९ मध्ये राज्य सरकारनं नगरपालिकांची जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात पालिकांना अनुदान द्यायला सुरुवात केली. बांबू निघाले. धोंडे तिथंच कडेला पडून राहिले. ‘कोल्हापूर नाका’, ‘कृष्णा नाका’ ही कऱ्हाडातली नावं अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. सगळ्यांत मोठा फटका नाक्यांवरच्या टपऱ्यांना बसला असणार; त्यांच्या वतीनं निवेदन कुणी दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पुढचा काळ भरभर बघू. तिथं तुम्हाला उभं करण्यासारखा वास नाही, नुसती कागदं आहेत. महापालिकांची जकात राहिली होती, ती जाऊन सांगलीसारख्या शहरांत एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. वेशीवर कुणी अडवणार नाही, पण वह्या दाखवा. व्यापारी म्हणाले, हा तर नाका दुकानात आला. २०१३ मध्ये राज्यभर शटरं खाली आली, तेव्हा मुख्यमंत्री होते पृथ्वीराज चव्हाण, म्हणजे आपल्या कऱ्हाडचेच. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीची एलबीटी गेली, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईच्या वेशीवरचे जकात नाकेही उठले. दरम्यान महामार्ग चौपदरी झाला आणि उंब्रज-कऱ्हाडच्या मधे तासवड्याला टोलनाका उभा राहिला. आता काचेवर फास्टॅग. गाडी पुरती थांबायच्या आत पैसे कापलेले. म्हातारे शेठ म्हणाले होते तसं झालंही म्हणायचं, फक्त कापले रस्त्यातच.

उतरा, उंब्रज आलं. म्हणजे तुम्हाला उतरायचं असेल तर सेवा रस्त्यानं खाली यायला लागतं, नाहीतर गाडी भरावावरून सरळ पुढं जाते आणि मागच्या सीटवरच्याला गाव लागून गेल्याचा पत्ताही लागत नाही. मातीचा तो भराव गावाच्या मधोमध भिंत घालून उभा आहे. या बाजूचं दुकान त्या बाजूच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. वरून ट्रक जातात, खाली धूळ उतरते. उन्हात उभे राहा जरा. हॉर्न ऐकू येतात, थांबत कुणी नाही. मेव्हण्याच्या मुलाकडं कढई एकच उरलीय. गावानं, त्यात व्यापारी आलेच, मागणी लावून धरलीय: भराव काढा, खांबांवरचा पूल द्या, खालून आरपार दिसेल असा. लोक त्याला पारदर्शक पूल म्हणतात.

तेव्हा तुम्ही आलाच आहात तर असे रिकामे जाऊ नका. या टेबलाशी या. हा पोरगा लॅपटॉपवर निवेदन करतोय. त्याचा ‘ज’ चांगला उठतो. वरचा भाग तोच आहे, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. इथं सही करा. खाली दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. शिक्का आणलाय का? नसला तरी चालतंय. आणि जाता जाता समोरून तीन झेरॉक्स काढून आणा. एकीवर पोच घ्यायचीय.